फोटोआधी विचारतात तो प्रश्न

ता. १४, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या दुखऱ्या कमरेलाही नमस्कार. इकडे सगळे ठीक आहे. छापखान्यात ज्यावर कागदाचा गठ्ठा पडला होता तो माझा पायही आता बरा आहे. आई उद्या तुझ्याकडे येते आहे, तिच्याजवळ हे पत्र देतो. पाकीट डिंकाने चिकटवून वर चिकटपट्टी लावली आहे. आईने विचारले तर सांग, तो नेहमीचाच घाबरट आहे.

गुरुवारी तुझ्या कमरेचा एक्स-रे आहे असे कळले. माझा नुकताच झाल्यामुळे घरात या विषयातला जाणकार मीच.

डॉक्टरांनी सांगितले नसेल तर उपाशी जाऊ नकोस. मी आपल्या मनाने उपाशी गेलो आणि रांगेतच चक्कर येऊन एका आजोबांच्या मांडीवर बसलो. पिना, साखळी, धातूचे काहीही अंगावर नको. मी घड्याळ काढले, पट्टा काढला, शर्टाची बटणे काढू लागलो, तेवढ्यात फोटो काढणाऱ्या बाई ओरडल्या, "अहो, पायाचा फोटो काढायचाय, आंघोळ नाही घालायची!" मग मी श्वास रोखून धरला. त्या म्हणाल्या, "घ्या श्वास. तुमचा घोटा काय छातीत आहे?" तुला मात्र रोखायला सांगतील, तेव्हा रोख आणि हलू नकोस. दुखत अजिबात नाही. आधीचे फोटो असतील तर बरोबर ने.

झाले. पत्र इथेच संपवणार होतो. मध्ये उठून दोनदा पाणी पिऊन आलो.

माझ्या पुढे एक नवी सून होती, सोबत सासू. बाईंनी सुनेला हळूच काही विचारले. उत्तर सासूने दिले, "छे छे, तसलं काही नाही!" बाई म्हणाल्या, "आजी, फोटो तुमचा काढायचाय का? मग तिला बोलू द्या." त्यांनी सासूला बाहेर बसवले. सून आत गेली आणि फोटो न काढताच हसत बाहेर आली.

ताई, तुझ्याबरोबरही सासूबाई येणार आहेत. त्यांच्यासमोर तू पाणी मागायलाही लाजतेस. आणि रविवारी तुम्ही आलात तेव्हा तुझी पर्स भाऊजींच्या खांद्यावर होती. जे भाऊजी स्वतःची छत्रीसुद्धा तुझ्याकडे देतात, ते! शिवाय जिना उतरताना "सावकाश, सावकाश" म्हणत होते. मी तेव्हापासून विचार करतो आहे. आईला बोललो नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळेल.

तर लिहितोच. पोटात बाळ असेल, किंवा नुसती शंका असेल, तरी आत जाण्याआधी बाईंना सांग. मग फोटो आत्ता काढायचा, थांबायचे की दुसरे काही करायचे, ते डॉक्टर ठरवतात. बोलवत नसेल तर सोबत एक चिठ्ठी ठेवली आहे, "मला दिवस गेले असावेत" एवढीच, मोठ्या अक्षरात. बाईंच्या हातात दे आणि हवे तर भिंतीकडे बघ.

माझा अंदाज चुकला असेल तर पत्र फाडून टाक. मी ते लिहिले नाही, तू वाचले नाहीस. पुढच्या भेटीत दोघेही माझ्या पायाविषयी बोलू.

तुझा धाकटा भाऊ
आणि कदाचित कुणाचा तरी मामा

('कदाचित' मी खोडत नाही. ते तू खोड.)