ओलं पातं

काष्टी, शुक्रवार, १९४६

डावा हात सारखा खाजतो आहे. त्यावरचे केस भादरले ना मी, खोटं बोलायला!

संध्याकाळी आप्पांनी केलेला नवा घडीचा चाकू वाळल्या बाभळीवर चालवून पाहिला. चार ढलप्या निघतात न निघतात तोच धार गेली. हातावर फिरवला, तर एक केस निघेना. पूर्वी अख्खी काठी तासून झाली तरी आप्पांची धार हलत नसे.

नजर अधू झाली आहे त्यांची. तापलेल्या पात्याचा रंग कळत नाही, मग ते पाण्यात बुडवून पाणी पाजायची वेळ चुकते आणि पातं मऊ राहतं. पण सांगायचं कुणी? मी? मी त्यांचा मुलगा, पण लहानपणापासून नुसता भाता ओढणारा. आणि उद्या बाजार, असे सगळे चाकू विकायला न्यायचे.

गुपचूप दगडावर धार लावली, हात गुळगुळीत केला आणि त्यांच्यापुढे धरला. "काठी तासूनबी धार टिकली, आप्पा."

त्यांनी माझ्या हातावरून बोटं फिरवली. मग पात्यावरून अंगठा. पातं ओलंच होतं, धार लावताना दगडावर टाकलेल्या पाण्यानं. पुसायचं कसं सुचलं नाही मला?

ओला अंगठा त्यांनी धोतराला पुसला. ओरडले असते तर सुटलो असतो. जेवताना मात्र म्हणाले, "उद्या बाजार न्हाई. सगळी पाती मुठीतनं काढून परत भट्टीत घालू. रंग तू बघ, पानी तू पाज."

"आन तुमी?"

"मी भाता वढतो."