दस्त्याची तहान

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा. फर्निचरचा कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षं घरी बसून कंबर आणि डोकं दोन्ही धरलं होतं. आता मिनेसोटाच्या पार वरच्या टोकाला, बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात, त्रेसष्टाव्या वर्षी मी नवा गडी! मालकीण अर्लिस. वय पंच्याहत्तर, जीभ पंचविशीतली. तिचा नवरा गॉर्डी वसंतात गेला, त्याचं लाकूडकाम आता माझ्याकडे. माझे हात उलटसुलट करून म्हणाली, थोबाड काही खास नाही रे तुझं, पण हात कामाचे आहेत. खरंच आहे, दुसरं आहेच काय माझ्याकडे? लेकीला, जॅनेलला, फोन केला. पुढच्या महिन्याच्या अखेरीस बाळंत होईल. म्हणाली, बाबा, बाळ पहिल्यांदा तुझ्याच हातात देणार. दुकानावरच्या माझ्या खोलीचा जिना चढताना गुडघे कुरकुरले, तरी खुशीत होतो.

६ ऑक्टोबर
पहिलं काम. व्हर्नन आहो नावाच्या गिऱ्हाइकाच्या आजोबांची रायफल, पहिल्या महायुद्धातली. लाकडी दस्ता काळाकुट्ट, गाल टेकतो तिथे तुळतुळीत. अर्लिसनं बजावलं, लष्करी लाकूड आहे, खरवडायचं नाही. नुसतं पुसायचं आणि उघड्या तळव्यानं जवसाचं तेल चोळायचं. गॉर्डीची तीच रीत होती. पण मी पडलो फर्निचरवाला, मला कळकट लाकूड बघवत नाही. तिची पाठ वळताच जुनं पॉलिश काढायचं रसायन लावलं. काकवीसारखा काळा चिकटा निघाला. ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून पोचे उठवले, पॉलिशपेपर मारला. दुपारपर्यंत दस्ता कोरा करकरीत.

७ ऑक्टोबर
अर्लिस ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मटकन बसली. म्हणाली, अरे बाबा, शंभर वर्षांच्या हातांची ओल होती त्यात. ती उपसलीस. आता भरून कोण देणार? म्हातारीचं काहीतरीच.

१४ ऑक्टोबर
तेलाचे सात हात झाले. रात्रीत सगळं गडप, सकाळी लाकूड कोरडं. तळवे भेगाळलेत. फार दमायला होतं, जेवणही नको वाटतं.

२२ ऑक्टोबर
अंगठ्यावरच्या रेषा गेल्या. दहाही बोटं गुळगुळीत. दस्त्यावर मात्र बारीक गोल रेषा उमटल्यात, जिथे मी चोळतो तिथेच. अर्लिसला दाखवलं. म्हणाली, बस कर आता, हात लावू नकोस. मी भ्यालो. खोटं कशाला लिहू?

२ नोव्हेंबर
व्हर्नन रायफल घेऊन गेला. हात न लावताही दस्ता काळा, तुकतुकीत झाला होता. म्हणाला, कमाल केलीत राव, आजोबांनी आत्ताच खाली ठेवल्यासारखी दिसतेय! सुटलो, असं वाटलं.

९ नोव्हेंबर
नाही सुटलो. डब्यातलं सफरचंद हातात धरलं, खाईपर्यंत सुरकुतलं. तळव्यावर तेल ओतलं तर आत गेलं. आणखी ओतलं. तेही. लाकूड भरलं, मी रिकामा झालो.

१८ नोव्हेंबर
दुकानातली मांजर मांडीवर झोपली होती. माझा हात तिच्या पाठीवर. ती उठलीच नाही. वाळल्या पानाएवढी हलकी — दुकानामागे पुरली. अर्लिसला सांगितलं, म्हातारी झाली होती. ती माझ्या हातांकडे बघत मागे सरली.

२९ नोव्हेंबर
मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी रडलो. डोळ्यांतलं पाणी हातानं पुसलं — हात लगेच कोरडा.

१२ डिसेंबर
जॅनेल येणार म्हणते. नको म्हटलं, बर्फ आहे, मला बरं नाही. हसली. बाबा, बर्फाची भीती मला घालतोस?
चामड्याचे हातमोजे आणले. दुपारी तडकले.

२० डिसेंबर, रविवार
जॅनेल आली, बाळाला घेऊन. हात खिशात घालून बसलो. घेत नाही म्हटलं, घाबरतो म्हटलं. ऐकेल तर शपथ. म्हणाली, आजोबा झालास आता, लाजतोस काय — आणि बाळ मांडीवर ठेवून गाडीतली पिशवी आणायला खाली गेली.
हाका मारल्या. ऐकू जात नाही. अर्लिस चर्चला.
वही, पेन्सिल पुढ्यात होती, तीच धरलीय घट्ट — लिहीत राहिलो तर हात पोरीला लागणार नाहीत — पेन्सिल तडकतेय —
जागी झाली. माझ्याकडे बघतेय. जॅनेलचे डोळे.
पाय झाडतेय. सरकतेय — गुडघ्यापर्यंत —
जॅनेल, लवकर ये गं
घसर