आधी चार्ज उतरवायचा

श्रीगोंदा, ४ फेब्रुवारी १९७४
स. दहाला बापूसाहेबांचा टीव्ही आला, जीपमधून, गोधडीत गुंडाळून. गावातला एकुलता एक. पुण्याचं चित्र पकडायला त्यांनी घरावर केवढा खांब उभारलाय. आता पडद्यावर नुसती आडवी पांढरी रेघ, आवाज मात्र ठीक. बरोबर त्यांचे जावई, पुण्याला इंजिनिअर.
बापूसाहेबांनी दुकानभर पाहिलं. मिस्त्री कुठायत? आमच्या ह्यांचा उजवा हात दिवाळीपासून चालत नाही, तेव्हापासून सगळे रेडिओ मीच दुरुस्त करते, हे त्यांना ठाऊक. त्यांचा स्वतःचा रेडिओसुद्धा मीच केलाय. तरी विचारलं.
म्हटलं, मिस्त्री मीच.

५ फेब्रु.
रेडिओ वेगळा, टीव्ही वेगळा. हे मुंबईत सहा महिने टीव्हीचं काम शिकून आलेत. खाटेवरून सगळं पाठ करून घेतलं. प्लग काढला तरी पडद्याच्या मोठ्या काचनळीत हजारो व्होल्टचा चार्ज साठून राहतो, तो आधी उतरवायचा. लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधायची, वायरचं दुसरं टोक आधी टीव्हीच्या लोखंडी सांगाड्याला. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीवरच्या रबरी टोपीखाली सरकवायचं. एक हात पाठीमागे. थोडं थांबून परत एकदा, कारण चार्ज परत जमतो.
अंगावर धातू नको म्हणाले. पाटल्या काढ. मग अडखळले. मंगळसूत्रही. मी खिळ्याला अडकवून पाहिलं. सासूबाई असत्या तर...

६ फेब्रु.
बापूसाहेब आणि जावयांसमोरच टीव्हीची पेटी उघडली. जावई म्हणाले, प्लग काढलाय, आता कसला करंट, आणि सरळ हात आत घातला. मी मनगट धरून मागे ओढलं. दोघेही माझ्याकडे बघत राहिले.
मग चार्ज उतरवला. निळी ठिणगी, चाबूक ओढल्यासारखा आवाज. जावई दारापर्यंत मागे गेले. पाच मिनिटांनी स्क्रूड्रायव्हर परत लावला तर बारीक टक्. हे बरोबर सांगत होते.
पण बापूसाहेबांच्या डोक्यात ठिणगी नव्हती, मनगट होतं.
"आमच्या पाव्हन्याचा हात धरता व्हय तुमी?"
"धरला म्हणून शाबूत आहे."
टीव्ही तसाच उचलून नेला. जावई घरी करतील म्हणे.

७ फेब्रु.
बाजारात सगळीकडे तेच. समोरचे कापडवाले चाचा समजावून गेले, जावयाचा मान असतो बेटी, जाऊन माफी माग. चाचा भला माणूस, मी उलट बोलले नाही. आज एकही रेडिओ आला नाही.
दु. जेवताना हे म्हणाले, मागायचीच झाली तर माफी मी मागतो, तू नको. म्हटलं, कोणीच मागायची नाही. चूक काय केली ते आधी सांगा. ह्यांनी ताक मागून घेतलं.

१० फेब्रु.
बापूसाहेबांच्या पत्नी, काकी, आल्या. जीप नाही, चालत. डोक्यावरचा पदर घामाने भिजलेला. काल जावयांनी काहीतरी बदललं, टीव्ही लावून पाहिला, बंद केला आणि लगेच हात घातला. फेकले गेले ते कपाटावर. दोन बोटं भाजली, कोपर सुजलंय. वाचले. लेक कालपासून जेवली नाही. टीव्ही माजघरात उघडा पडलाय, तिकडे कोणी फिरकत नाही.
बापूसाहेब पुण्याचा माणूस आणा म्हणतात. काकी अडून बसल्या, हिलाच आणायचं.
मला बरं वाटलं का? हो, थोडं. लगेच लाज वाटली.
येते म्हटलं, पण चार्ज उतरवताना घरातल्या सगळ्यांनी समोर उभं राहून बघायचं. जावयांनीसुद्धा.
"आन् ते न्हाई म्हनले तर?"
"तर मीही हात लावणार नाही, काकी."
काकींनी पायरीवरून उठून चपला घातल्या. जाताना म्हणाल्या, "सांगून बघते. लई अवघड हाय आमच्याकडं."

११ फेब्रु.
सकाळी काकींचा निरोप आला, सगळे उभे राहतील. जीप दहाला येणार होती. हत्यारांची पेटी भरून बसलेय. हे सोबत येतो म्हणाले. नको म्हटलं, तुम्ही आलात की सगळे तुमच्याशीच बोलतील. हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा.
साडेअकरा.
जीप आली. ड्रायव्हरशेजारी जावई, हात गळ्यात बांधलेला. उतरत नाहीत, दुकानाकडे बघतही नाहीत. चाचा कापड मोजायचं सोडून दारात आलेत.
पेटी घेऊन निघते. आधी कोण बोलतं बघू. मी नाही.