पूर्वीसारखा आहे का, हे कोणी सांगावे

मी रोशन गुणवंतराव मोहुर्ले, वय सत्तावीस, गाव सिंदेवाहीजवळ, हल्ली मुक्काम चंद्रपुरात भाड्याच्या खोलीत, आज राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, हे मृत्युपत्र लिहितो. बुद्धी शाबूत आहे असे लिहावे लागते. आज ती आहे. डोक्यात डाव्या बाजूला आवळ्याएवढी गाठ आहे, ती सोमवारी नागपूरला काढणार आहेत. म्हणून आजच लिहून घेतो.

आधी माझे काम सांगतो, नाहीतर पुढचे समजणार नाही. नागपूरच्या एका हॉस्पिटलात डोक्याच्या ऑपरेशनवर संशोधन चालू आहे. मार लागून आत रक्त साचले तर कवटीचे हाड कापून ते काढतात. मग हाड लगेच बसवावे की काही महिन्यांनी, कशाने माणूस जास्त बरा होतो, हे डॉक्टरांना पाहायचे आहे. पण बरा झाला की नाही ते गावात जाऊन विचारावे लागते. चंद्रपूर-गडचिरोलीतली एकसष्ट घरे माझ्याकडे होती. तीन वर्षे फिरलो. बारावी दोन खेपेत झालो, चार नोकऱ्या सोडल्या, एका जागी बसणे कधी जमले नाही. हे मात्र जमले.

१. माझी निळी वही संशोधनाच्या ऑफिसातल्या रुबीना मॅडमना द्यावी. तिच्यात एकसष्ट घरांच्या वाटा आहेत. पत्त्यावर जाऊ नका, वहीवर जा. चिंचेपासून डावीकडे, कुत्रे भुंकते पण चावत नाही, असे लिहिले आहे. हेमलकशाच्या अलीकडे एका पानावर काहीच नाही, कारण तिथे मी वाट चुकून एका लग्नात शिरलो आणि दोन दिवस राहिलो. नवरदेव कोण ते शेवटपर्यंत कळले नाही. असो.

२. मोटारसायकल आणि माझ्या वाट्याची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा, थोरला भाऊ गोपाल याला. बांधी तसाही तोच करतो. त्याच्यावरचा राग कलम चारमध्ये आहे.

३. पोचूचा फॉर्म दुरुस्त करावा. चूक माझी आहे. पोचू भामरागडच्या नदीपलीकडचा, ताडावरून पडला होता. फॉर्मवर प्रश्न असतो: रुग्ण घरी चोवीस तास एकटा राहू शकतो का? त्याची बायको धुरपताबाई म्हणाली, "एकटा काऊन राहीन? आमच्याकडे कोणीच एकटं राह्यत नाई. तू राह्यते का?" मी "नाही"वर खूण केली. बाजार एकटा करतो का? तेही "नाही", कारण तिथे बाजाराला सगळे मिळून जातात. अशाने पोचू "दुसऱ्यावर अवलंबून" या गटात गेला. तो तेव्हा माझ्यासमोर लाकडे फोडत होता. असे आणखी जे फॉर्म माझ्या हातून झाले, त्यांच्यासमोर वहीत लाल खूण आहे. डॉक्टर त्यावरून कोणते ऑपरेशन चांगले ते ठरवणार आहेत, म्हणून हे कलम कोणी हसण्यावारी नेऊ नये.

त्याच फॉर्मवर एकदा मी स्वतःला तपासले. एकटा राहतो, बाजार एकटा करतो, प्रवास एकटा करतो. एकसष्ट घरांत माझ्याएवढे गुण कोणालाच नाहीत.

४. मृत्युपत्र मेल्यावरच चालते, असे अर्जनवीस म्हणाले. पण मला भीती जगण्याची आहे. माझी गाठ संशोधनात बसत नाही, पण ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात आहे, म्हणून सहा महिन्यांनी माझाही असाच फॉर्म भरतील. त्यात रुग्णाला ओळखणाऱ्या माणसाला विचारतात: हा पूर्वीसारखा आहे का? रुग्णाचे एकट्याचे धरत नाहीत. किती घरी नवरा मला सांगत होता की मी ठणठणीत आहे, आणि मागे दारात बायको नाही म्हणून मान हलवत होती. मी दुसराच कोणी होऊन उठलो, तर ते मला कळणार नाही. मान हलवायला दारात कोण आहे?

त्यासाठी रुबीना मॅडमनी गोपालला फोन केला. तो म्हणाला, "मी काय सांगू मॅडम, तो पहिलेपासूनच तसा आहे. वर्षातून दोनदा जेवाले येते." राग हाच. पण खोटे तो बोलला नाही. मॅडम म्हणाल्या, ओळखणाऱ्या माणसाचा रकाना रिकामा सोडू. मी सोडू दिला नाही.

डिसेंबरात मी चौथ्यांदा पोचूकडे गेलो होतो. धुरपताबाई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, उजव्या हातानं काऊन काई धरत नाई? पहिले त धरत होता." मी हसलो. ती हसली नाही. त्यावरून तपासणी झाली, गाठ सापडली. चार भेटींत तिने जे पाहिले ते माझ्या माणसांपैकी कोणी पाहिले नव्हते.

म्हणून आज भामरागडच्या बाजारात तिला गाठून विचारले, माझ्याबद्दल सांगशील का. तिने पोचूकडे पाहिले, मिरच्या बांधल्या आणि बोटावर मोजायला लागली. निघतो म्हणे आन् दोन घंटे बसे. एक गोष्ट सांगता सांगता दुसरीकडेच जाये. पोरायच्या नावाची अदलाबदल करे. जेवताना ताटात पाह्यत नोता, तोंडाकडे पाहे. हे मी तिथेच लिहून घेतले. ऑपरेशनच्या आधीचा मी म्हणजे एवढाच कागद आहे, तो सोबत जोडला आहे.

मी म्हटले, सहा महिन्यांनी मॅडम फोन करतील.

"फोनवर नाई सांगत," ती म्हणाली. "पाह्यल्याबिगर कसं सांगू? त्याले इथी आणा."

बदललेला दिसलो तर?

"त तसंच सांगीन. तुले वाईट वाटलं त वाटो."

५. माझी ताडपत्री आणि टॉर्च धुरपताबाईस. हे तिला माझ्या मरणाची वाट न पाहता आजच दिले.

६. जगलो तर ऑगस्टात मला भामरागडला आणावे. पूल पाण्याखाली असेल तर थांबावे, मी किती घाई केली तरी. मला तिच्यासमोर बसवावे आणि बोलू द्यावे. ती जे सांगेल तेच फॉर्मवर लिहावे. मध्येच मी काही म्हणालो, तर माझे लिहू नये.

सही डाव्या हाताने केली आहे. ती माझीच आहे.

रोशन गुणवंतराव मोहुर्ले

ज्याला काही दिले त्याची साक्ष घेऊ नये म्हणतात. म्हणून खालील दोघांना काही दिलेले नाही. ते मला आजच्यापुरतेच ओळखतात, आणि माझ्यासमोर त्यांनी सही-अंगठा केला आहे.

साक्षीदार: वहाब शेख, चहावाले, बसथांब्याजवळ (सही)
साक्षीदार: इसरू मडावी, बसची वाट पाहणारे (अंगठा)

स्थळ भामरागड, ११ फेब्रुवारी २०२५