वास्तूला फ्रेंच येत नाही

कांजूरमार्ग,
फेब्रुवारी १९८५

तीर्थस्वरूप प्रेमाताईंना भावजय सुगंधाचा वाकून नमस्कार. तुमची धरलेली कंबर आता वाकायला लागली असेल अशी आशा आहे. म्हैस व्याली का, तेही कळवा. इकडे तुमचे भाऊ साकीनाक्याला लेथवर टिकून आहेत (गिरणीचं नाव काढत नाहीत, आपणही काढायचं नाही). आई ठणठणीत आहेत, आणि माझ्या अडचणीचं मूळ तेच आहे.

आमच्या कारखान्यात फ्रान्सहून यंत्रं आली. त्यांच्या पत्रांना फ्रेंचमध्ये उत्तरं टाइप करील तिला कायम करू, असं साहेब म्हणाले आणि मी कुणाला न विचारता हात वर केला. इंग्रजी व्याकरण कसंबसं पार केलं होतं. फ्रेंच क्रियापद म्हणजे मात्र मोठं खटलं. काळ तर आहेतच, शिवाय बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावरही रूप ठरतं. इंग्रज माणूस शंका आली तर एखादा शब्द मागेपुढे करून भागवतो. फ्रेंच माणसाला भीती वाटली की त्याच्या क्रियापदाचा चेहराच बदलतो. आपण जागचं न हलता ‘आलेच’ म्हणतो आणि भूतकाळात भविष्य उरकतो, हे मी फ्रेंचच्या वर्गात सांगितलं. वसुधाबाईंनी (आमच्या शिकवणाऱ्या) मला मागच्या बाकावर बसवलं.

पाठ मोठ्याने म्हटल्याशिवाय तोंडात बसत नाही, आणि पुस्तकातली जर-तरची वाक्यं सगळी अशुभ. घर जळालं असतं तर. काका परत आलेच नाहीत तर. मी अर्थासकट म्हणायला लागले, तशी आईंनी भाकरी टाकून माझं तोंड धरलं. भरल्या घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. मग अर्थ गाळून नुसतं फ्रेंच म्हटलं, तर त्यांना माझ्या चेहऱ्यावरून कळायला लागलं. वास्तूला फ्रेंच येत नाही, असं मी समजावलं. म्हणाल्या, “वास्तूक काय येता नि काय येना नाय, ता तुका काय ठावक?” याला उत्तर व्याकरणात नाही. परिणामी माझी आशेची रूपं झकास झाली आणि चाचणीत भीतीच्या वाक्यांना भोपळा.

पण मीही हट्टाला पेटले. वास्तूच नको म्हणून कामावरून सुटल्यावर मिठागराच्या बांधावर जायला लागले आणि मोकळ्या आभाळाखाली मनसोक्त घरं जाळली, जहाजं बुडवली. शेजारच्या धाकूने ते पाहिलं आणि आईंना सांगितलं की सून मिठाच्या ढिगाशी परक्या भाषेत भांडते. त्या संध्याकाळी माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या (ठसका कुणालाच लागला नाही, म्हणजे दृष्ट जबरदस्त लागली होती). बांधावर जाणं बंद झालं. एप्रिलात परीक्षा आहे आणि मी ती देणारच.

मुलांना गोड पापा.
तुमची सुगंधा

ता. क. खरं काम हे : शिमग्याला आईंना गावी बोलावून घ्या आणि माझी परीक्षा होईपर्यंत सोडू नका. मी सांगितलं म्हणू नका.

आणखी ता. क. वरचं रद्द समजा. काल पाकीट चिकटवण्याआधी आईंनी पत्र वाचून दाखवायला लावलं आणि ताजा कलमापाशी माझी जीभ अडली, तरी तोही वाचावाच लागला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, संप सुरू झाला तेव्हा जेवताना त्यांच्याच तोंडून गेलं होतं, “गिरण उघाडलीच नाय तर?” ती उघडली नाही. तेव्हापासून या घरात त्यांना ‘तर’ ऐकवत नाही. ताई, मला रडूच आलं. आता असं ठरलंय की मी घर जाळायचं, आणि वास्तूने तोंड उघडायच्या आत त्यांनी “तसा काय होवचा नाय” म्हणायचं. कालपासून बरीच घरं वाचली. आज सकाळी चहा गाळताना मी फ्रेंचमध्ये म्हटलं, पास झाले तर कायम होईन. त्यांनी अर्थ विचारला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि स्वतःच तथास्तु म्हणाल्या.