दुसरी सारजाबाई

॥ श्री ॥
चितेगाव, १० जानेवारी

ती. सौ. आईस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे आण्णांचा फोन, त्याचा स्पीकर चालू, आणि शेजारी नानासाहेब काका बसलेले. म्हणून हे पत्र. आमच्या कंपनीतले संघपालदादा दर रविवारी पिशोरला घरी येतात, ते आणून देतील. उत्तर त्यांच्याच हाती दे.

पंचायत समितीच्या उमेदवारांची नावं काल कळली. सारजाबाई गोकुळ सोनवणे, आणि त्याखाली सारजाबाई सखाराम सोनवणे. पहिल्या म्हणजे आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. दुसरी कोण, असं मी मैत्रिणीला विचारत होते आणि विचारता विचारताच लक्षात आलं. सखाराम सोनवणे माझ्याच वडिलांचं नाव आहे.

आई, तुला कुणीतरी उभं केलंय ते निवडून येण्यासाठी नाही. यंत्रावर दोन सारजाबाई एकीखाली एक आल्या, की बाईंची निम्मी मतं चुकून तुला पडतील आणि बाईंच्या विरोधात उभ्या असलेल्या, काकांचे पुढारी इंद्रजीतदादा यांच्या बायकोचं फावेल. तुला आठवतं ना, दहावीनंतर माझं लग्न ठरत होतं तेव्हा बाई तीन वेळा घरी येऊन आण्णांशी भांडल्या होत्या? त्या भांडल्या नसत्या तर आज आपल्या घरात कुणी पदवीधर झालं नसतं. त्याच बाईंना तुझ्या नावानं पाडायचं?

अर्ज मागे घ्यायची मुदत गुरुवारी दुपारी तीनपर्यंत आहे. मी रजा टाकून कन्नडच्या तहसीलच्या पायऱ्यांवर थांबते. काहीही करून ये.

रागावून लिहिलंय, तरी माया कमी नाही हे तू जाणतेसच.

तुझी,
तनुजा

॥ श्री ॥
पिशोर, ११ जानेवारी

चि. तनुजा हीस आईचे अ. आ.

तुझं पत्र चुलीपुढं बसून वाचलं. सातवीपर्यंतचंच शिक्षण, पण तुझं अक्षर मला लागतं.

नानासाहेब भाऊजी आले नि म्हणले, सारजा, घरच्या बाईचं नाव मोठं व्हायचंय, इथं सही कर. आता मला लग्न होऊन चोवीस वर्षं झाली, पण थोरल्या दिरापुढं मी अजून तोंड वर करून बोललेली नाय. पदर पुढं घेतला नि सही केली. कशाला, का, हे कसं विचारायचं? तुझ्या आण्णांना विचारलं तर ते म्हणले, दादानं सांगितलं म्हणजे बरंच असंल. आपल्या वस्तीचा रस्ता इंद्रजीतदादा करून देणार हायत म्हणं.

मला काय म्हाईत, माझं नाव असं कुणाच्या मुळावर येईल? बाईंचं वाटोळं माझ्या हातून व्हायला नको. गुरुवारी येते. कापूस विकायचं निमित्त नाय, माहेरी जायचं निमित्त नाय, पण काहीतरी काढते. तू नाश्ता करून निघ. उपाशीपोटी तुझं डोकं लई तापतं.

पोरी, आईला समजून घे. आशीर्वाद तर हायतच.

तुझी,
आई

॥ श्री ॥
चितेगाव, १७ जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी मी दहापासून तहसीलसमोर उभी होते. पिशोरकडून येणारी प्रत्येक एसटी पाहिली, प्रत्येक जीपमध्ये डोकावले. एका जीपवाल्यानं शेवटी विचारलं, की ताई, नवरदेव हरवलाय का. तीन वाजता आतून शिपाई आला आणि दार लोटून घेतलं. तू आली नाहीस. का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. आण्णा फोनवर नुसतं हवापाणी विचारतात.

आता यंत्रावरून तुझं नाव निघणार नाही. बाईंना छत्री मिळाली, तुला पंखा. राहिला एकच उपाय, तूच लोकांना सांगायचं. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. वस्तीवरच्या आणि गावातल्या बायकांना बोलाव. तिथं पुरुष येत नाहीत, काका येणार नाहीत, पदर पुढं घ्यायचं कारण नाही. स्पष्ट सांग, की मला मत देऊ नका, छत्रीला द्या. उमेदवारच असं सांगतोय म्हटल्यावर कोण ऐकणार नाही?

मला ही कल्पना सुचली तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले. बघ, जमेल तुला. वाण मात्र घरचंच दे, विकत आणलेलं काही नको. उद्या कुणी तक्रार करायचं.

तुझ्यावर भरवसा आहे, तो तुटू देऊ नकोस.

तुझी,
तनुजा

॥ श्री ॥
पिशोर, २५ जानेवारी, रथसप्तमी

चि. तनुजा हीस अ. आ.

मागच्या रविवारी संघपाल आला तेव्हा भाऊजी ओसरीवरच बसलेले. उत्तर देता आलं नाय.

गुरुवारचं सांगते. सकाळी आठलाच भाऊजी जीप घेऊन दारात. म्हणले, सगळ्यांनी बसा, वेरूळला दर्शनाला जायचंय. चोवीस वर्षांत कधी कुठं नेलं नाय ह्या माणसानं! मी म्हणलं माझं डोकं दुखतंय, तर म्हणले घृष्णेश्वरापुढं डोकं टेकलं की थांबंल. देवाला नाय कसं म्हणायचं, सांग. रांगेत उभी होते तर सगळा जीव कन्नडात. अभिषेक झाला, जेवणं झाली, मग त्यांनी मोबाइलात वेळ बघितली नि म्हणले, चला, तीन वाजून गेले. तुझे आण्णा खाली बघत होते. त्यांना म्हाईत होतं.

पण हळदीकुंकू झालं! अंगण भरून बायका. घाटे, बोरं, ऊस, तिळगूळ, सगळं घरचं. सगळ्यांच्या ओट्या भरल्या नि मग उभी राहिले. म्हणलं, बायांनो, मला खोटं उभं केलंय. मला मत देऊ नका. शाळेच्या बाईंना द्या, छत्रीला द्या. सत्यभामा जाऊबाई म्हणली, अगं सारजे, तू तर पुढाऱ्यावानी बोलायलीस! सगळ्या हसल्या. कुणी म्हणलं, व्हय व्हय, कळलं. एकीनं तर माझी अलाबला घेतली. जाताना प्रत्येक बाई माझा हात दाबून गेली.

आता बघ, होईल नीट. कानाला थंडी लावून घेऊ नको. तुझ्यावाचून मला कोण हाय शिकवायला.

तुझी,
आई

॥ श्री ॥
चितेगाव, ७ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

बाई त्रेसष्ट मतांनी पडल्या. तुला आपल्या एकट्या वस्तीच्या केंद्रावर त्याच्या दुपटीहून जास्त मतं पडली. इतर गावांत लोक चुकले असतील, ते समजू शकते. पण आपल्याच वस्तीवर? जिथं तू अंगणात उभी राहून सांगितलंस, तिथंच?

मी मतमोजणीच्या ठिकाणी बाहेर उभी होते. गुलाल उधळणारी पोरं ओरडत होती, की दुसऱ्या सारजाबाईचा विजय असो. माझ्या आईच्या नावाचा जयजयकार, तोही टिंगलीचा. बाई तिथंच होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, की परतायला गाडी आहे का. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी काय चुकीचं सांगितलं होतं तुला? खरं बोलायला सांगितलं. तू खरं बोललीस. मग खोट्याचंच काम का झालं? मला समजत नाही आई, आणि समजत नाही याचाच जास्त संताप येतो. त्या बायकांना विचारून लिही. खरं काय ते लिही.

पत्र आवरतं घेते. नमस्कार स्वीकार.

तनुजा

॥ श्री ॥
पिशोर, ८ फेब्रुवारी

चि. तनुजा हीस अ. आ.

विचारलं. सत्यभामा जाऊबाईलाच आधी धरलं. ती माझ्यावरच डाफरली. म्हणली, तुझ्या हातचं कुंकू लावून घेतलं, ओटीत वाण घेतलं, नि मत दुसरीच्या पदरात टाकू? असं कुठं असतं का? म्हणलं, अगं पण मी नको म्हणत होते ना. तर म्हणली, पाहुणा नको नको म्हणतो म्हणून कुणी पोळी वाढायची थांबतं व्हय? तू मनाची मोठी, म्हणून दुसरीला द्या म्हणलीस. अशा बाईला नाय द्यायचं तर कुणाला?

बाकीच्याही तेच म्हणल्या. एक जण म्हणली, आजवर मत मागायला लई आले, नको म्हणणारी तू पहिलीच. पोरी, हळदीकुंकवाला बोलावलं तिथंच चुकलं. रिकाम्या हातानं सांगितलं असतं, तर ऐकलं असतं.

काल बाईंच्या घरी गेले. पाया पडले. त्यांनी उठवलं नि म्हणल्या, तुमच्यात बोलायची धमक आहे हे ठाऊक नव्हतं.

आता एक लिहिते, वाचून फाडून टाक. निकाल सांगितला तेव्हा बाईंसाठी मी रडले, हे खरं. पण माझ्या नावापुढचा आकडा ऐकला नि पदराआड मला हसू आलं, हेही खरं. एवढ्या बायांनी माझ्या नावावर बोट ठेवलं. दिवसभर ते मनातून जाईना. हे कुणाला सांगायचं? तुझ्याशिवाय कोण हाय.

राग गेला म्हणजे ये. नाय गेला तरी ये.

तुझी,
आई

॥ श्री ॥
चितेगाव, १४ फेब्रुवारी

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडलं नाही. फाडणार नाही.

मला वाटलं होतं, शेवटचं वाचून मी तुझ्यावर आणखी चिडेन. चिडले, पण तुझ्यावर नाही. दिवाळीत बाईंच्या प्रचाराची पहिली बैठक आपल्याच ओसरीवर झाली होती. मी गावभर फिरून बायका गोळा केल्या, समानता, हक्क, सगळं बोलले. आणि तुला काय सांगितलं? पंधरा कप चहा ठेव. बैठकीत बस, असं मी म्हणाले नाही. बाईही म्हणाल्या नाहीत. तुझं नाव कामाचं आहे, हे या तालुक्यात सगळ्यात आधी कुणाला कळलं असेल, तर काकांना आणि इंद्रजीतदादांना. लबाडांना. या गोष्टीचं काय करू, मला सुचत नाही. कामावर दोनदा नोंदीत चुकले.

बाई पडल्या, त्या पाच वर्षांसाठी पडल्या. ते तुझ्या हसण्यानं भरून येणार नाही, आणि माझ्या संतापानंही नाही.

उद्या दुपारच्या एसटीनं येते. बाईंनाही घेऊन येतेय, त्यांना तुझ्याशी बोलायचंय. काय, ते मला त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. तुम्ही दोघी ओसरीवर बसा. काका असले तरी बसा. चहा मी ठेवीन.

राग अजून आहे, पण माया त्याहून जुनी आहे.

तुझी,
तनुजा