भिंतीवरची पेन्सिल

अगं,

इंटरनेटचा फायबरवाला काल येऊन गेला. चपलांच्या कपाटामागच्या पेटीपर्यंत त्याने लाइन आणली आणि "आतलं तुमचं तुम्ही बघा" म्हणून निघाला. पेटीत सहा वायरी लोंबतायत, सगळ्या सारख्याच करड्या. कुठली कुठल्या खोलीत जाते ते तू भिंत उघडी असताना, धुळीत उभी राहून, प्रत्येकीच्या वर पेन्सिलने लिहून ठेवलं होतंस. आणि रंगाऱ्याला "त्या रेघोट्याही झाकून टाक" म्हणणारा शहाणा मी. तू भिंत बघून "छान दिसतंय" म्हणालीस, त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. भिंत खरंच छान दिसते. मला बघवत नाही.

एकट्याने करून पाहिलं. खाली वायर लावायची, धावत वर जाऊन लॅपटॉपच्या खाचेतला दिवा लागला का बघायचं, परत खाली. आपली धाकटी म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी धावायला सांगितलंय का?"

त्या रेघोट्या नव्हत्या, तुझं अक्षर होतं. तुला न विचारता पुसायला नको होतं. चुकलं माझं.

दूध घेऊन येतो आणि पेटीपाशी बसतो. तू तुझ्या खोलीत लॅपटॉप जोडून बस. दार लावून घेतलंस तरी चालेल, भांडण चालू ठेवूनही हे काम होतं. मी एकेक वायर लावून विचारीन. दिवा लागला तर "लागला" म्हण, नाही तर "नाही" म्हण, फक्त मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

तुझ्या खोलीची वायर सगळ्यात शेवटी सापडली तर बरं.